दोन पेशींच्या मधली जागा



 माझा व्यवसाय विकृतिशास्त्राचा. रुग्णाच्या शरीरातून काढलेला तुकडा, त्याचे पातळ काप, त्यावर रंग आणि मग सूक्ष्मदर्शक. लोकांना वाटतं, हा माणूस दिवसभर पेशी बघत असणार. पेशी बघतोच. पण आज मी पेशींबद्दल बोलणार नाही. दोन पेशींच्या मधल्या जागेबद्दल बोलणार आहे.

शाळेत आपण सगळ्यांनी पेशी काढली आहे. बाहेर एक रेघ, आत केंद्रक, दोन-चार ठिपके, आणि कडेला दहा गुणांची नावं. पेशी हे जीवनाचं एकक, असं आपण घोकलं. पण एक प्रश्न कुणी विचारला नाही. ही पेशी उभी कशावर आहे? शेजारच्या पेशीच्या आणि तिच्या मध्ये काय आहे? चित्रात तिथे कोरा कागद होता, म्हणून आपल्याला वाटलं की तिथे काही नाही.

आता सगळ्यांनी एक करा. आपल्या कानाची पाळी धरा, थोडी ओढा आणि सोडा. परत जागेवर गेली ना? टाचेच्या वर घोट्यामागे हात लावा. तिथे जी ताठ, जाड दोरी लागते तिला कंडरा म्हणतात. तुमच्या संपूर्ण शरीराचं वजन ती रोज पेलते. हा ताण, ही लवचीकता, ही ताकद पेशींची नाही. पेशी बिचाऱ्या मऊ असतात. ही ताकद पेशींनी आपल्याभोवती विणलेल्या जाळ्याची आहे. त्यात कोलॅजेन आहे, ते ताण सहन करतं. इलास्टिन आहे, ते ओढलं की परत येतं. फायब्रोनेक्टिन आणि लॅमिनिन आहेत, पेशी त्यांना धरून बसतात. हायलुरोनन नावाची लांबलचक साखर आहे, ती पाणी धरून ठेवते. आपल्या शरीरात जेवढी प्रथिनं आहेत, त्यांतला सुमारे तिसरा हिस्सा एकट्या कोलॅजेनचा आहे. एवढी मोठी गोष्ट आपण कोरी जागा म्हणून सोडून दिली होती.

या कोलॅजेनची रचना कुठे उलगडली, ठाऊक आहे? मद्रासला. १९५४ साली जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी कोलॅजेनच्या तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात, असा आराखडा मांडला. अभ्यासासाठी त्यांनी कांगारूच्या शेपटीतली कंडरा वापरली आणि ती मिळाली मद्रासच्याच चर्मसंशोधन संस्थेतून. स्वातंत्र्याला सात वर्षं झाली होती आणि साधनं बेताची होती. तरीही आज जगातल्या प्रत्येक जीवरसायनशास्त्राच्या पुस्तकात तो तिहेरी पीळ आहे. आपल्या मुलांना ही नावं माहीत असायला हवीत, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आणखी एक गोष्ट. हे जाळं एकदा विणलं आणि संपलं, असं नाही. पूर्वी महिनोन् महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांना स्कर्व्ही व्हायचा. हिरड्या सुजायच्या, रक्त यायचं. पण सगळ्यात भयंकर म्हणजे, कित्येक वर्षांपूर्वी भरलेल्या जखमा पुन्हा उघडायच्या. का? कोलॅजेन पक्कं व्हायला क जीवनसत्त्व लागतं. जुन्या वणातलं कोलॅजेनसुद्धा सतत मोडत असतं आणि नव्यानं भरलं जात असतं. भरणं थांबलं की वण उसवतो. १७४७ मध्ये जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरनं संत्री-लिंबं देऊन खलाशी बरे केले. म्हणजे, मंडळी, तुमच्या गुडघ्यावरचा लहानपणीचा वण ही जुनी गोष्ट नाही. शरीर तो आजही राखतं आहे.

आता पहिल्या मोठ्या मुद्द्याकडे येतो. हे जाळं केवळ आधार देतं का?

बरीच वर्षं शास्त्रज्ञांना तसंच वाटत होतं. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी द्राक्षबाग आहे. मांडवाच्या तारा जिथे असतील तिथेच वेल जाते. तार ढिली पडली तर ओलांडा लोंबतो, आणि घडाला ऊन किती लागणार हेही मांडवावरच ठरतं. पण मांडव वेलीला ‘तू आता पान काढ, आता घड काढ’ असं सांगत नाही. शरीरातलं जाळं सांगतं. फरक तिथे आहे.

हे कळलं कसं? इराणमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत बर्कलेला काम करणाऱ्या मीना बिसेल या बाईंनी १९८२ मध्ये एक लेख लिहिला. पेशीभोवतीचं जाळं थेट जनुकांपर्यंत निरोप पोचवतं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या वेळी हे फार कमी लोकांना पटलं. पुढे ते दाखवून दिलं कसं? उंदराच्या स्तनातल्या पेशी प्लास्टिकच्या बशीत वाढवल्या की त्या पसरट होतात आणि दुधाची प्रथिनं बनवणं सोडून देतात. त्याच पेशी लॅमिनिन असलेल्या मऊ द्रव्यात ठेवल्या की गोल गुच्छ करतात आणि पुन्हा दुधाची प्रथिनं बनवू लागतात. पेशी तीच, जनुकं तीच. बदललं काय? भोवताल.

पेशीला हा भोवताल कळतो कसा? तिच्या पातळ आवरणातून आरपार गेलेली काही प्रथिनं असतात. त्यांचं एक टोक बाहेर जाळ्याला धरून असतं, दुसरं आत पेशीच्या सांगाड्याला. १९८६ मध्ये त्यांना इंटिग्रिन हे नाव मिळालं. बाहेर ओढ पडली की आत कळते, आणि पेशी आतून ओढून बाहेर किती ताण आहे याचा अंदाज घेते. १९९७ मध्ये बिसेल यांच्या गटानं स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवरचं एक इंटिग्रिन अडवलं. बेशिस्त वाढणाऱ्या त्या पेशी पुन्हा नीट गोल रचना करून बसल्या. त्यांच्या जनुकांतले दोष जसेच्या तसे होते, तरी वागणं सुधारलं. या निष्कर्षाचा अर्थ किती खोल आहे, बघा. कर्करोग फक्त बिघडलेल्या पेशीचा आजार नाही. बिघडलेल्या पेशीला बिघडू देणाऱ्या भोवतालाचाही तो आजार आहे.

दुसरा प्रयोग २००६ चा, अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातला, डेनिस डिशर यांच्या प्रयोगशाळेतला. अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी घेतल्या आणि वेगवेगळ्या कडकपणाच्या जेलवर ठेवल्या. मेंदूइतक्या मऊ जेलवर त्या चेतापेशींसारख्या होऊ लागल्या. स्नायूइतक्या कडक जेलवर स्नायूंसारख्या, आणि त्याहून कडक जेलवर हाडाच्या पेशींसारख्या. नुसत्या कडकपणावरून पेशीनं आपली वाट निवडली. त्या शोधनिबंधाच्या लेखकांपैकी एक, शमिक सेन, पुढे पवईच्या आयआयटीत आले. कर्करोगाच्या पेशी या जाळ्यातून वाट कशी काढतात, यावर ते तिथे काम करतात. म्हणजे हा विषय फक्त परदेशाचा नाही. मुंबईत, आपल्या नाशिकपासून रेल्वेनं काही तासांवर, तो रोज चालू आहे.

आता दुसरा मुद्दा, दाहाचा. आपण म्हणतो, ‘सूज आली’, ‘लाल झालं’, ‘ठणकतंय’. दाह हा शत्रू नव्हे. दाह नसता तर काटा रुतल्यावर आपण मेलो असतो. प्रश्न आहे तो दाह थांबतो कधी आणि कुणाच्या सांगण्यावरून.

याचं उत्तर पुन्हा त्या मधल्या जागेत मिळतं. जखम झाली की पांढऱ्या पेशी धावून येतात. वाट काढायला त्या जाळं कापतात. कापलेले तुकडे तिथेच पडतात, आणि ते तुकडे गप्प बसत नाहीत. कोलॅजेन कापलं की अगदी लहानसा एक तुकडा निघतो, तीनच अमिनो आम्लांचा. तो आणखी पांढऱ्या पेशींना बोलावतो. हायलुरोनन लांब आणि अखंड असतं तेव्हा ऊती शांत असतात. त्याचे आखूड तुकडे झाले की तेच द्रव्य दाह वाढवतं. पदार्थ एकच, लांबी बदलली की निरोप उलटा!

तेनासिन-सी नावाचं एक प्रथिन आहे. निरोगी मोठ्या माणसात ते जवळपास नसतंच. जखमेच्या जागी उगवतं आणि काम झालं की निघून जातं. पण संधिवाताच्या सांध्यात ते निघून जात नाही. २००९ मध्ये दिसून आलं की हे प्रथिन पेशीवरच्या ज्या ग्राहीला जाऊन भिडतं, ती ग्राही खरं तर जंतूंच्या आवरणातलं विष ओळखण्यासाठी आहे. ज्या उंदरांत तेनासिन-सी नव्हतं त्यांच्या सांध्यांत दाह सुरू झाला, पण टिकला नाही. म्हणजे सांध्यात जंतू एकही नाही, तरी शरीर जंतू आल्यासारखं लढत राहतं, कारण त्याच्या स्वतःच्या जाळ्यातूनच इशारा येतो आहे. सकाळी उठल्यावर ज्या आईची बोटं आखडलेली असतात, तिच्या बोटांत हे चाललेलं असतं.

आणि दाह लांबला की काय होतं? जाळं विणणाऱ्या पेशी चेकाळतात. त्यांच्यात स्नायूसारखी आकुंचनाची ताकद येते. १९७१ मध्ये जिनिव्हाच्या गॅबियानी यांनी त्या ओळखल्या. त्या कोलॅजेन भराभर टाकतात आणि जाळं आवळतात. या जाळ्यात वाढीचा एक घटक झोपवून ठेवलेला असतो. तो विणणाऱ्या पेशींना आणखी विणायला सांगतो. जाळं कडक झालं आणि पेशीनं ओढलं की तो घटक सुटतो. सुटला की आणखी कोलॅजेन, त्यामुळे आणखी कडकपणा, त्यामुळे तो आणखी सुटतो. जखम भरण्यासाठी बनवलेलं हे यंत्र थांबेनासं होतं.

आतापर्यंतचं एवढं लक्षात ठेवा: पेशी जाळं विणते, जाळं पेशीला सांगतं, आणि सतत डिवचलं तर जाळं कडक होत जातं. आता मी तुम्हाला याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं उदाहरण सांगतो. ते प्रयोगशाळेत नाही. पानटपरीवर आहे.

तुम्ही अशी माणसं पाहिली असतील. आधी म्हणतात, ‘तिखट झोंबतं.’ मग मिसळ सोडतात. गाल आतून पांढरा पडतो. मग शिट्टी वाजवता येत नाही, मुलाला फुगा फुगवून देता येत नाही. जीभ पूर्ण बाहेर येत नाही. घास लहान होत जातो, आणि एक दिवस दंतवैद्य म्हणतो, ‘आ करा,’ आणि आ होत नाही. गालाच्या आत बोट फिरवलं तर उभे कडक पट्टे लागतात. हे पट्टे कशाचे? कोलॅजेनचे.

या आजाराला मुखाचा सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. १९५२ मध्ये श्वार्ट्झ या डॉक्टरनं पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय स्त्रियांत त्याचं वर्णन केलं. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, मुंबईचे कान-नाक-घसातज्ज्ञ डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याला हे नाव दिलं. आफ्रिकेतल्या भारतीयांनाच का, आणि मुंबईत का? कारण सुपारी.

सुपारी काय करते, ते नीट ऐका. एक तर अरेकोलिन नावाचं तिच्यातलं द्रव्य जाळं विणणाऱ्या पेशींना जास्त कोलॅजेन बनवायला लावतं. शिवाय तिच्यातली टॅनिनं त्या कोलॅजेनला असं घट्ट बांधतात की शरीराच्या विकरांना ते मोडता येत नाही. आणि तिच्यात तांबं असतं. कोलॅजेनच्या धाग्यांमध्ये पक्के दुवे घालणारं एक विकर आहे, त्याला तांबं लागतं, आणि ते मिळालं की हे विकर अधिक जोरात चालतं. विणणं वाढलं, मोडणं थांबलं, दुवे पक्के झाले. वर, रोज चघळल्यामुळे होणारा दाह, तो यंत्राला आणखी ढकलत राहतो. पेशीबाहेरच्या जाळ्याबद्दल जेवढं म्हणून मी सांगितलं, ते सगळं त्या एका गालात चालू असतं.

आता मला सगळ्यात जास्त काळजी ज्या वाक्याची वाटते, ते सांगतो. ‘डॉक्टर, मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो.’ ‘मुलांना साधा पानमसाला दिला, त्यात तंबाखू नाही.’ हे वाक्य चांगली, सुशिक्षित माणसं बोलतात. या आजाराला तंबाखू लागतच नाही. सुपारी पुरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुपारीलाच माणसात कर्करोग करणारा पदार्थ ठरवलं आहे, तंबाखूसकट नव्हे, तंबाखूशिवाय. केरळात एर्नाकुलममध्ये अशा रुग्णांचा सतरा वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा शंभरातल्या सातांहून अधिक जणांना पुढे तोंडाचा कर्करोग झाला होता. भोवताल बदलला की पेशी कशा वागतात, हे बिसेल बाईंनी बशीत दाखवलं. आपण ते आपल्या लोकांच्या तोंडात पाहतो.

इथे एका माणसाचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. डॉ. वसंत रामजी खानोलकर. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झालं, तेव्हा तिथली प्रयोगशाळा त्यांनी उभी केली. आपल्या लोकांच्या रोजच्या सवयी आणि कर्करोग यांचा संबंध त्यांनी शोधला. कमरेला वर्षानुवर्षं घट्ट धोतर नेसल्यानं त्याच जागी कातडी घासली जाते, काळी पडते आणि काहींना तिथेच कर्करोग होतो, हे त्यांनी १९४५ मध्ये लिहिलं. धोतरात कसलंही विष नाही. नुसतं घासणं, आणि रोज तीच जागा. ऊतीला सतत डिवचत राहिलं तर काय होतं, हे त्यांनी आपल्याच कमरेवर दाखवून दिलं होतं. त्याला सुमारे ऐंशी वर्षं झाली.

सरकारनं काही केलं नाही, असं मी म्हणणार नाही. २००२ मध्ये महाराष्ट्रानं गुटख्यावर बंदी घातली, ती २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. २०१२ च्या जुलैत अन्नसुरक्षेच्या कायद्याखाली पुन्हा बंदी आली आणि ती पुढे दरवर्षी वाढवली गेली. पण २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, आणि त्यांतले बहुतेक ओढणारे नव्हते, चघळणारे होते. बंदी कागदावर आहे आणि पुडी खिशात आहे, हे या सभागृहात सगळ्यांना माहीत आहे. बंदी असावीच, असं माझं मत आहे. पण रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून जो मुलगा पुडी फोडतो, त्याच्यापर्यंत कायदा पोचण्याआधी त्याचा वरिष्ठ सहकारी पोचू शकतो. वीज केंद्रातल्या कर्मचाऱ्यांनो, ते काम तुमचं आहे.

वीज केंद्राच्या गावात, एकलहऱ्यात, बोलतो आहे, तर छातीबद्दलही बोललंच पाहिजे. इथे दगडी कोळसा येतो, दळला जातो, जाळला जातो आणि राख होते. इथल्या कुणाला काय झालं आहे यावर मी इथे उभा राहून निदान करणार नाही. फुप्फुसात काय घडतं ते सांगतो. फुप्फुसात तीस ते पन्नास कोटी हवेच्या पिशव्या आहेत. त्यांच्या भिंती इतक्या पातळ की प्राणवायू सहज रक्तात जातो, आणि त्या आकसतात ते इलास्टिनमुळे. हे इलास्टिन प्रामुख्यानं लहानपणी बनतं. मोठेपणी तुटलं की तसं पुन्हा भरत नाही. विडी-सिगारेटचा धूर ज्या पांढऱ्या पेशींना बोलावतो, त्या हेच तोडतात. दम लागायला तिथून सुरुवात होते.

दगडाच्या आणि कोळशाच्या धुळीत सिलिकाचे बारीक कण असतात. सफाई करणारी पेशी तो कण गिळते, पण पचवू शकत नाही. कण तिच्या आतल्या पिशव्या फोडतो, ती मरते, कण पुन्हा बाहेर पडतो, दुसरी पेशी तो गिळते. प्रत्येक मरणारी पेशी दाहाचा निरोप सोडते, आणि निरोपामागून कोलॅजेन येतं. म्हणून या आजाराचा, म्हणजे सिलिकोसिसचा, रुग्ण धुळीच्या कामातून बाहेर पडला, तरी आजार पुढे सरकत राहू शकतो. कायद्यानंही तो नोंद करण्याचा आजार आहे. धूळ उडते तिथे पाणी मारणं, झाकणं आणि चांगल्या प्रतीचा मास्क नीट बसवून वापरणं, एवढंच खरं औषध आहे. तोंडावर बांधलेला रुमाल हे बारीक कण अडवत नाही. वार्षिक तपासणीत छातीचा एक्स-रे आणि फुंकण्याची चाचणी टाळू नका. ती तुमच्या हक्काची आहे.

शेवटचा मुद्दा उपचारांचा. कुणी विचारेल, जाळं पुन्हा मऊ करता येत नाही का? तोंडाच्या आजारात हायलुरोनन मोडणाऱ्या विकराची इंजेक्शनं देतात, स्टेरॉइड देतात, जीवनसत्त्वं आणि लोह देतात. पट्टे फार कडक असतील तर कापून त्या जागी दुसरीकडची ऊती बसवतात, आणि नंतर रोज तोंड उघडण्याचा व्यायाम करावा लागतो, नाहीतर ते पुन्हा आवळतं. याचा उपयोग होतो, पण अर्धामुर्धा. सुपारी सोडली की आजाराचं पुढे सरकणं मंदावतं आणि पुढचं नुकसान टळतं. पण पक्के झालेले पट्टे केवळ सोडल्यानं विरघळत नाहीत. सुरुवातीला, तिखट झोंबायला लागतं तेव्हा, जो येतो त्याला आम्ही खूप काही देऊ शकतो. तोंडात चमचा जाईनासा झाल्यावर येतो, त्याला फार थोडं.

तेव्हा माझी विनंती अगदी साधी आहे. आज घरी गेल्यावर आरशासमोर उभे राहा, आपल्याच हाताची मधली तीन बोटं एकत्र धरून उभी करा आणि वरच्या-खालच्या दातांमध्ये घालून बघा. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलालाही करायला सांगा, रागावू नका, नुसतं करायला सांगा. तीन बोटं जात नसतील, गाल आतून पांढरा दिसत असेल किंवा कारण नसताना तिखट सोसत नसेल, तर या आठवड्यातच दंतवैद्याला दाखवा. नाशिकमध्ये पंचवटीत दंत महाविद्यालय आहे, तिथेही तपासणी होते. आणि खिशात पुडी असेल, मग ती तंबाखूची असो वा नुसत्या सुपारीची, ती आज इथून जातानाच टाकून द्या.